दोर ओढणाऱ्यांचा फेरा

माझी माय कुणालाही पहिल्यांदा भेटली की नाव-गाव विचारायच्या आधी त्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघून घ्यायची आणि मनातल्या मनात एखाद्या पाळण्यात बसवून टाकायची. माझ्या लग्नात नवरदेव मांडवात आला तेव्हा बाकीच्या बाया त्याचं नाक, रंग, उंची बघत होत्या, आणि माय माझ्या मामाच्या कानात म्हणाली, "हलकाय रे. ह्याच्यासमोर एक बाई आन् एक लेकरू पुरं." ते बोलणं पुढं नवऱ्याच्या कानावर गेलं. तो माणूस जन्मभर जेवताना ताटावरून उठायच्या आधी विचारायचा, "झालं का गं वजन, का अजून एक भाकर घेऊ?" आमच्या घरात माणसाची पारख अशी व्हायची, कारण आमचा आकाशपाळणा होता.

आता विजेवर फिरणारे पाळणे बघितलेल्यांना हे नीट सांगावं लागेल. आमच्या पाळण्याला मोटर नव्हती. दोन बाजूंना सागवानी खांबांच्या दोन कैच्या, मधी लोखंडी आस, तिच्यावर मोठं चाक आणि चाकाला लोंबणारे आठ पाळणे. ते फिरवायचे आबा, म्हणजे माझे वडील, आणि सुदाममामा, म्हणजे मायचा धाकटा भाऊ. दोघं चाकाच्या आऱ्यांवर चढत जायचे, वर पोचले की तिथल्या आऱ्याला लोंबकळायचे आणि स्वतःच्या अंगाच्या भारानं चाक खाली ओढायचे. जमीन जवळ आली की उडी, आणि लगेच दुसरा आरा धरायचा. हे चालायचं ते एकाच गोष्टीवर: समोरासमोरच्या पाळण्यांत वजन सारखं पाहिजे. एक बाजू जड झाली की चाक धाडकन खाली येतं आणि आऱ्यावरचा माणूस फेकला जातो. म्हणून कुणाला कुठं बसवायचं हे काम मायचं होतं, आणि त्यात ती आबांचंही ऐकायची नाही. गावातली मोठी माणसं आपल्या माणसांशेजारीच बसायचा हट्ट धरायची. माय सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, "पाळण्यात जात बसत न्हाई, वजन बसतं. सरका तिकडं."

नेकनूरजवळच्या एका खेड्यातले आम्ही. आजोबांनी गावकीची कामं सोडली, पुढं बुद्धाचा धम्मही घेतला; पण कामं सोडली तेव्हा घरात खायला काही नाही म्हणून आबा पोरवयातच नगरकडच्या एका पाळणेवाल्याकडं आऱ्यावरचा माणूस म्हणून लागले. पुढं त्या मालकाच्या गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हा त्याचा मोडका पाळणा आबांनी घेतला, खांब बदलले, आस घासून काढली आणि आठही पाळणे निळेशार रंगवले. गावोगावची शहाणी माणसं रंग बघून खोचक विचारायची, "निळाच कावून बे?" आबा म्हणायचे, "आकाशपाळणा हाय न्हवं, आभाळाचा रंग दिलाय." आणि तोंड फिरवून मिशीत हसायचे. आबा कुणाशी भांडायचे नाहीत. मोठ्या माणसापुढं उभे राहिले की "जी साहेब, जी मालक" यापुढं त्यांची गाडी जायची नाही. मला त्याचा राग यायचा. माझं सगळं मायवर गेलेलं.

माझं काम भोंग्याचं. पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून मी ओरडायची, "या या, बसा बसा, आभाळाला हात लावून या! वरून कपिलधारची धार बघा, घरी राहिलेली सासू बघा!" सासूवर बाया हटकून हसायच्या आणि हसल्या की बसायच्या. हा शोध माझा, मला कुणी शिकवला नव्हता. शाळेत पोरं मला भोंगा म्हणूनच चिडवायची आणि मी त्यांना चिडवू द्यायची, कारण जत्रेत त्यांच्यातलं कुणीही माझ्याइतकं दणकून बोलू शकत नव्हतं. जत्रेत आमचं बिऱ्हाड पालात. सकाळी जाग यायची ती आबांच्या टोपणातल्या एरंडेलाच्या वासानं. एकेका पाळण्याच्या कडीला ते तेल पाजत फिरायचे. पाळणा कुरकुरला की न बघता सांगायचे कोणता ते, कारण आठांचे आवाज आठ तऱ्हेचे होते. दुपारी भाकरी आणि येसराची आमटी, इतकी तिखट की मामा खाता खाता डोळे पुसायचा आणि तरी वाढ म्हणायचा. शेजारच्या जिलबीवाल्याची पोरं आमच्या पाळण्यात फुकट बसायची आणि त्याच्या परातीतली तुटकी जिलबी आमच्याकडं यायची. जिलबी कधी अख्खी असते हे मला पुष्कळ मोठं झाल्यावर कळलं.

आमच्या धंद्यात दोन रिवाज होते. एक चांगला, एक मला न आवडणारा. चांगला असा की पाळणा उभा करायला ज्यांनी दोर ओढले, पहिला फेरा त्यांचा. खांबांच्या कैच्या जमिनीवर जोडून दोरांनी वर खेचाव्या लागतात, त्याला दहा-पंधरा जणांचे हात लागतात, आणि गावोगावची पोरंटोरं ते काम हौसेनं करायची. मग मी भोंग्यावरून पुकारायची, "पहिला फेरा दोर वढणाऱ्यांचा!" त्याशिवाय पाळणा सुरू झाल्याचं मी बघितलेलं नाही. आज बीडच्या रस्त्याला माझ्या लेकाचा पार्क आहे, डॅशिंग कार आहेत, मोठी बोट आहे, आणि एका हॉलमधी टुंई टुंई करणाऱ्या खेळांच्या मशिनी आहेत, ज्यांच्यापुढं मला पाच मिनिटं बसवत नाही. पण नवा झोका उभा राहिला की पहिल्यांदा वेल्डर आणि हमाल बसतात, मग बाकीचं जग. लेकानं एकदा उद्घाटनाला कुणी पुढारी बोलावला होता. मी त्याला म्हटलं, पुढाऱ्यानं वेल्डिंग केलंय का? तेव्हापासून तो विषय आमच्या घरात बंद आहे.

दुसरा रिवाज मानाच्या फेऱ्याचा. गावचा पाटील किंवा तसाच कुणी मोठा माणूस बसला की त्याच्या समोरच्या पाळण्यात माणसं बसवायची नाहीत. कारण काय, तर चाक फिरताना समोरचा माणूस त्याच्या वर जातो. म्हणून वजनाला वाळूची पोती ठेवायची. पोती वर गेली तर कुणाचा अपमान होत नाही. माय त्या पोत्यांना 'मुके पावणे' म्हणायची, आणि मानाचा फेरा आला की म्हणायची, "चला, पावणे उचला." पोती मी आणि मामा भरायचो. वाळू उपसताना मला वाटायचं, ह्या पाटलाला एकदा तरी वर बघू दे की कोण बसलंय. पण पाटील लोक यायचे दिवस कलल्यावर, तोपर्यंत दोर ओढणाऱ्यांचा फेरा कधीच होऊन गेलेला असायचा, म्हणून हे दोन रिवाज कधी एकमेकांच्या आडवे आले नव्हते.

मग लागोपाठ दुसरं वर्ष कोरडं गेलं. कपिलधारच्या कड्यावरून धार पडायची बंद झाली. यात्रा भरली, पण लोक देवाला हात जोडून तसेच मागं फिरले. भोंग्यावर मी सासू दाखवली, नणंद दाखवली, कुणी हसलं नाही. आष्टीकडच्या जत्रांत तर आमच्यापेक्षा कावळे जास्त होते. घरात रेशनवरच्या तांबड्या मिलोची भाकर आली, जी थापता थापता तुटायची, आणि रात्रीला हुलग्याचं माडगं. गावातले गडी ज्याला जिथं जमेल तिथं निघून गेले, बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसल्या. मुकादम आमच्या ओसरीवर येऊन बसायला लागला. त्याला ऊसतोडीसाठी जोड्या पाहिजे होत्या, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आबा आणि माय मिळून एक कोयता, मामा-मामी मिळून दुसरा, आणि कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीवर, धाकटी भावंडं सांभाळायला मी. म्हणजे माझी शाळा खलास. नगरचा एक लाकडाचा व्यापारी आमच्या सागवानी खांबांवर डोळा ठेवून होता, दोनदा येऊन खांबांवर हात फिरवून गेला होता.

त्याच सुमाराला आमच्या भागात सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पाण्यावाचून ऊस जाग्यावर वाळायला लागला होता, तेव्हा आहे तेवढा आधी गाळून घ्यायचा असं ठरलं आणि बॉयलर पेटायचा दिवस जवळ आला. उसाची पहिली मोळी यंत्राच्या गव्हाणीत टाकायचा मोठा कार्यक्रम होता. काळी टोपी घालणारे एक डायरेक्टर होते, त्यांच्याकडं सगळी व्यवस्था. आबा त्यांच्यापुढं हात जोडून उभे राहिले आणि कारखान्यासमोरच्या मैदानात पाळण्याला जागा मागितली. डायरेक्टर म्हणाले, पहिल्या दिवशी चेअरमन साहेबांना शोभा आवडली तर हंगाम संपेपर्यंत राहा, नाहीतर त्याच दिवशी पसारा उचलायचा. हंगामभर तिथं गाडीवाले, तोडकरी, कामगार, आठवड्याचा बाजार, सगळं येणार होतं. घरी येऊन आबांनी आम्हाला समोर बसवलं आणि एका वाक्यात सांगितलं, "जागा मिळाली तर पाळणा आपला. न्हाई मिळाली तर खांब नगरला आन् आपून ऊसाला." मुकादमाला त्यांनी कार्यक्रमाच्या संध्याकाळी जवाब देतो म्हणून कबूल केलं. माय त्या दिवशी माडग्यात मीठ घालायला विसरली आणि सगळ्यांनी ते अळणीच प्यायलं.

पाळणा घेऊन आम्ही मैदानात गेलो तर दोर ओढायला माणूस नाही. गावात तरणी पोरं उरली नव्हती आणि कारखान्याचे गडी मांडव घालण्यात गुंतलेले. आबा नि मामा खांबांकडं बघत बसले. मैदानाच्या कडेला रस्त्याचं काम चाललं होतं. तिथं बाया खडीच्या ढिगाशी बसल्या होत्या, त्यात आमच्या वस्तीतल्या होत्या आणि गावातल्या कुणब्यांच्याही. एरवी त्या बाया आमच्या बायांच्या सावलीला उभ्या राहिल्या नसत्या, पण दुष्काळानं सगळ्यांना एका ढिगावर आणून बसवलं होतं. त्यांच्यात गयाबाई म्हणून होती, गावातल्या चांगल्या घरची सून, विहीर आटली तशी हातोडा धरलेली. तिनं तिथनंच विचारलं काय अडलंय. मामानं सांगितलं आणि वर शहाणपणा केला, की हे बायांचं काम नाही. गयाबाई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "बैल गेल्यावर पाभर म्या वढलीया. तुझा पाळणा काय लई मोठा लागून गेला बे?" मामानं दोर सोडायला घेतले. बाईनं पुरुषाला 'बे' म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

सगळ्या बाया आल्या. दोन्हीकडून दोर धरले, आबा मधी उभे राहून ताल देऊ लागले, आणि खांब जमिनीवरून उठला. अर्ध्यावर आला तेव्हा तो थरथरला, एका बाजूच्या बायांचे पाय भुईवरून घसरायला लागले. मी भोंगा टाकून धावले आणि दोराला लोंबकळले. माझ्या पुढं गयाबाई, माझ्या मागं आमच्या शेजारची सखूकाकू. काकूचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. खांब उभा राहिला तेव्हा सगळ्या हातांना दोराचे वळ उठले होते आणि बाया खुळ्यासारख्या हसत होत्या. मायनं त्यांना सांगितलं की पहिला फेरा तुमचा. त्यांना खरं वाटेना. गयाबाई म्हणाली, ती लहानपणी जत्रेत रडली होती तरी बापानं बसवलं नव्हतं, आणि नंतर कोण बसवतंय. जाताना प्रत्येकीनं मायला परत परत विचारलं की कधी यायचं, कुठं उभं राहायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी त्या आल्या तेव्हा ओळखू येईनात. पाण्याचा तुटवडा असा की आंघोळ म्हणजे तांब्याभर पाणी, तरी त्यांनी तोंडं घासून आणली होती, लुगडी झटकून नेसली होती. गव्हाणीत मोळी पडली, भाषणं झाली, चिमणीतनं धूर निघाला, आणि गर्दी मैदानाकडं वळली. मायनं बायांना जोड्या लावून पाळण्यात बसवलं. गयाबाई आणि सखूकाकूचं वजन सारखं निघालं म्हणून दोघी समोरासमोर आल्या. मी भोंगा तोंडाला लावणार तेवढ्यात काळ्या टोपीचे डायरेक्टर धावत आले. चेअरमन साहेब इकडंच येतायत, सगळं खाली करा, पहिला फेरा साहेबांचा, समोर पोती लावा. आबांनी एकदा मायकडं बघितलं आणि म्हणाले, "जी साहेब."

मला अजून त्या बायांचं उतरणं दिसतं. एकीनंही तक्रार केली नाही. लुगडी सावरत एकेक खाली आली आणि घासून आणलेलं ते तोंड घेऊन बाजूला जाऊन उभी राहिली. गयाबाई तेवढी मायला म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई. तुमचं पोट हाय त्येच्यावर." मामा पोती उचलून समोरच्या पाळण्यात ठेवायला लागला. मी मायकडं बघितलं. माझी माय, जी पाटलांना सरका म्हणायची, ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मला काय झालं हे आता वयाच्या सत्तरीत शहाणपणानं सांगता येईल, पण ते खोटं होईल. मला फक्त राग आला होता. चेअरमन साहेब माणसांच्या घोळक्यात जवळ आले. डायरेक्टर मला म्हणाले, पोरी, पुकार, मानाचा पहिला फेरा चेअरमन साहेबांचा. मी भोंगा उचलला.

"पहिला फेरा दोर वढणाऱ्यांचा! दोर वढणाऱ्या बायांनी आपापल्या पाळण्यात बसून घ्यावं! समद्या जत्रेनं बघावं, ह्या बायांनी पाळणा उभा केलाय!"

अख्खं मैदान वळलं. बैल सोडणारे गाडीवाले थांबले, तोडकऱ्यांच्या बाया लेकरं काखेला मारून पुढं आल्या. डायरेक्टरांचा चेहरा त्यांच्या टोपीसारखा झाला. त्यांनी माझा दंड धरला आणि आबांना विचारलं, हिला कुणी सांगितलं असं बोलायला? आबा आऱ्यावरून खाली उतरले. मला वाटलं आता कानाखाली बसणार, मी मान आखडून उभी राहिले. आबांनी आधी त्यांचा हात माझ्या दंडावरून सोडवला, अगदी हळू, लेकराच्या हातातलं काही काढून घ्यावं तसा. मग म्हणाले, "म्या सांगितलं, साहेब. रिवाज हाय आमचा."

आबांनी मला सांगितलं नव्हतं. दोन मिनिटांपूर्वी ते 'जी साहेब' म्हणाले होते, सगळ्यांदेखत. आणि आता तेच आबा पाळण्याकडं गेले, पोतं खांद्यावर घेतलं आणि डायरेक्टरांच्या पायापाशी आणून टाकलं. दुसरं आणलं, तेही टाकलं. मग मामाही उचलायला लागला. मायनं पायाखालची माती सोडली आणि बायांना हाका मारायला लागली, तू इकडं, तू तिकडं, सरका, धरा दांडी घट्ट. इतक्या भराभर तिनं कधी माणसं बसवली नव्हती. आबा आणि मामा आऱ्यावर चढले आणि चाक हललं.

डायरेक्टर ओरडायला लागले की पाळणा उतरवा, आत्ताच्या आत्ता, जागा रद्द. मी वर बघत होते. बाया एकेक करून वर चालल्या होत्या, कुणी डोळे मिटले होते, कुणी दांडीला कवटाळलं होतं, आणि सखूकाकू चक्क शेतातली गाणी म्हणायला लागली होती. डायरेक्टरांनी गाडीवाल्यांना हाक मारली, या रे, दोर धरा, पाडा हे. आता पाळणा उतरवायचा तरी तेवढेच हात लागतात जेवढे चढवायला. गाडीवाले जागचे हलले नाहीत. एकानं बिडी काढली आणि शांतपणे पेटवली. डायरेक्टरांनी तोडकऱ्यांना सांगितलं, कामगारांना सांगितलं, नावं घेऊन सांगितलं. एक म्हातारा तोडकरी म्हणाला, ज्यांनी चढवला त्यांना सांगा. आणि ज्यांनी चढवला त्या वर होत्या. गयाबाई नेमकी माथ्यावर होती. तिनं वरूनच जवाब दिला, "साहेब, आमी वर हाओत. खाली आल्यावर बगू."

मैदानात हशा उसळला. दोन वर्षं दाबून ठेवलेलं हसू होतं ते, थांबता थांबेना. चेअरमन साहेब हे सगळं उभं राहून बघत होते. ते काही देवमाणूस नव्हते, हे मी सांगून ठेवते, नाहीतर लोक त्यांची आरती करतील. त्यांना गर्दी वाचता यायची. समोर ऊस तोडणारे हात होते, त्यांच्याशिवाय गव्हाणीत एक कांडं पडलं नसतं, आणि ते सगळे हात मागं बांधून उभे होते. साहेबांनी डायरेक्टरांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले फिरू द्या, रिवाज मोडू नये, आम्ही दुसऱ्या फेऱ्यात बसतो. डायरेक्टरांनी पोत्याकडं बोट दाखवलं. मायनं नम्रपणे सांगितलं की पोती आता वर जाणार नाहीत, साहेबांच्या समोर माणसं बसतील. तिनं आधीच साहेबांचं वजन नजरेनं करून ठेवलं होतं. समोर तिनं एक तोडकरी नवरा-बायको बसवले, मांडीवर लेकरासकट. साहेब खाली आले तेव्हा ती दोघं वर गेली, साहेब वर गेले तेव्हा ती खाली आली, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. उतरताना साहेब डायरेक्टरांना म्हणाले, हंगामभर राहू द्या ह्यांना इथं. त्या दिवशी दिवस मावळेपर्यंत पाळणा थांबला नाही. आबांच्या तळहाताची सालं निघाली.

मला पुष्कळ लोक विचारतात की एवढ्या धंद्यात तुम्ही बायामाणूस कशा टिकलात. नगरपालिकेची परवानगी, विजेची तपासणी, पुढाऱ्यांच्या पोरांची फुकट बसायची हौस, सगळं मी निस्तरलं. पार्कच्या दाराशी कुणीतरी मोठा माणूस येतो, ओळ सोडून पुढं घुसतो आणि म्हणतो मी अमक्याचा तमका. मी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघते आणि ओळीत मागं पाठवते. हा गर्व आहे, असं माझी सून म्हणते. आहे. आमच्या पिढीनं तो कमावलाय, उगा लाजायचं कशाला.

त्या संध्याकाळी मुकादम आला. पाळणा थांबला होता, मामा गवतावर आडवा झाला होता, माय चुलीवर मिलोची भाकर टाकत होती. मुकादम नेहमीसारखा उकिडवा बसला आणि म्हणाला, मग काय ठरलं. आबा हातांना एरंडेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, हंगामभर आम्ही इथंच आहोत, तुमची माणसं दमून आली की पाठवून द्या, तोडकऱ्यांच्या लेकरांना पाळणा फुकट. मुकादम उठून गेला. नगरचा व्यापारी पुढं एकदा येऊन गेला, पण खांबाला हात न लावता.

मला मात्र अजून भीती होती. आबा माझ्याशी दिवसभरात एक शब्द बोलले नव्हते. मी ताटली घेऊन त्यांच्यापुढं ठेवली आणि तिथंच उभी राहिले, की जे काय व्हायचं ते होऊन जाऊ दे. त्यांनी भाकर मोडायचा प्रयत्न केला, बोटं वळेनात, म्हणून मी खाली बसून त्यांना तुकडे करून दिले. दोन घास खाल्ल्यावर ते म्हणाले, "उद्यापासून मला इचारल्याबिगर भोंग्यावर बोलायचं न्हाई." मी मान हलवली. त्यांनी पाणी प्यायलं, ओठ पुसले, आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "आन् बोललीस, तर असंच बोल. दणकून."